सुनीलचा हात आणि फौजीदादा

ओढत होते हो, दोघं मिळून ओढत होते. माझा दीर मंग्या, त्याने सुनीलच्या काखेत पाय रोवलेला आणि मनगट धरून असा मागे झुकलेला, मंग्याच्या कमरेला धरून मागून अजून एक रिक्षावाला, आणि सुनील, म्हणजे माझा नवरा, रस्त्यावर आडवा पडून असा ओरडत होता की मी कडेवरच्या माझ्या लेकीचे, परीचे, कान दाबले, माझे दाबायला हात उरला नाही. मेट्रोच्या पुलाखाली रिक्षाचा स्टँड आहे आमच्या घाटकोपरला, तिथे लाइन तोडण्यावरून भांडण झालं, कुणीतरी सीटखालचा लोखंडी रॉड काढला आणि सुनीलच्या खांद्यावर घातला, परत घातला. मारणारा पळाला. सुनीलचा हात खांद्यापासून नुसता लोंबायला लागला, पिशवीसारखा. मंग्या म्हणाला, सटकलाय, गावाला असाच पाय लावून ओढतात, टक् आवाज येतो आणि बसतो. गर्दी म्हणाली हो हो, दे झटका.

तेवढ्यात गर्दीतून एक बुटका माणूस आत आला, हाफ पँट, हातात दुधाची पिशवी. पिशवी त्याने आधी नीट रिक्षाच्या सीटवर ठेवली, आणि मग मंग्याच्या कानाखाली अशी वाजवली की मंग्या सुनीलला सोडून गटाराच्या कठड्यावर जाऊन बसला. मागच्याला लाथ. मग गर्दीकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "आता ज्याचा हात ह्याला लागेल त्याचा हात मी मोडणार. आणि मला नीट मोडता येतो."

कोणी हललं नाही. मग तो खाली बसला आणि तोच हात, ज्याने आत्ता मंग्याचा गाल लाल केला होता, तो एकदम मऊ झाला. माझी ओढणी मागितली नाही, खांद्यावरून काढलीच, आणि सुनीलचा हात छातीला असा बांधला जसं बाळंतीण पोराला दुपट्यात बांधते. मला म्हणाला, "हाड तुटलंय गो बाय. अजून एक ओढ दिली असती तर नस गेली असती, जन्मभर लाकूड." हॉस्पिटलात डॉक्टरपण तेच म्हणाले, आत लोखंडी पट्टी घालून हाड जोडलं, ऑपरेशन झालं. पण त्या दिवशी मी फक्त एवढंच बघितलं की एकच हात मारतो आणि तोच बांधतो, आणि मला भीती वाटली. मला अशा हाताची सवय होती. फक्त आमच्या घरात मारणारा हात नंतर कधी काही बांधायचा नाही.

तो फौजीदादा. आमची वस्ती डोंगरावर, तिथे आमच्या वरच्या अंगाला राहायचा, फौजेतून रिटायर होऊन आलेला, सार्वजनिक नळाच्या मागे एक खोली. सगळे फौजीच म्हणायचे, नाव कुणी घ्यायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा असेल. नंतर कळलं की हा फौजेत माणसं चालवायला शिकला. ते थेरपी म्हणतात ना, मोडलेल्या माणसाचे हातपाय परत चालू करायचे, ते. डोंगरावरची पोरं हसायची, म्हणायची फौजेत गेला आणि मालिश शिकून आला. तो म्हणायचा, "तुझा पाय मोडला की ये, मालिश करतो." ते ऐकून पोरं गप व्हायची, कारण तो हसत नव्हता.

त्याची गोष्ट त्यानेच मला सांगितली, तुकड्या तुकड्याने. त्याचा बाप गिरणीतला, गिरणी गेल्यावर वॉचमन झाला आणि एक दिवस अर्ध्या अंगाने पडला. एक थेरपीवाला माणूस घरी यायचा, बापाची बोटं एकेक करून उघडायचा. दोन-चार वेळा आला, मग परवडेना, बंद झाला. फौजीदादा तेव्हा बारावीला. त्याने बघून बघून स्वतः करायला घेतलं, आणि जोरात ओढलं, आणि बापाने दुसऱ्या, चांगल्या हाताने त्याच्या तोंडावर मारलं. नाकातून रक्त आलं. तो सांगायचा, "तेव्हाच ठरवलं, हे शिकायचं. बापाचा मार खाल्ला तो बरोबर होता. मी चुकीचं ओढत होतो."

कॉलेजात जायला मार्क नव्हते, आणि कॉलेज म्हणजे आमच्या डोंगरावरून तसंही दिसत नाही. कुणीतरी सांगितलं फौजेच्या दवाखान्यात शिकवतात, फुकट शिकवतात, वर जेवायला देतात, पण आधी फौजी व्हावं लागतं. आई रडली. म्हणाली, थेरपी शिकायला मरायला कशाला जातोस. तो भरतीला गेला. आधी बूट, धावणं, शिव्या, मार. मग जखमीला खांद्यावर टाकून कसं पळायचं. मग पट्ट्या. असं करत करत कितीतरी वर्षांनी परीक्षा देऊन त्याला ते व्यायामाचं खातं मिळालं, जिथे सुरुंगावर पाय पडलेली पोरं यायची. तोवर इथे बाप गेला होता. ज्याच्यासाठी शिकायला गेला तो माणूसच संपला. मी विचारलं, मग सोडून का नाही आलात? तर म्हणाला, "बापाच्या हाताचं राहून गेलं. बाकीच्यांचे हात होतेच की."

सुनीलच्या खांद्याचे टाके निघाले आणि हॉस्पिटलवाले म्हणाले व्यायाम करा, रोज करा, नाहीतर आखडेल. रोज तिकडे कोण जाणार, रिक्षा बंद, घरात चूल कशी पेटते ते माझं मला माहीत. म्हणून मी सुनीलला फौजीदादाकडे न्यायला लागले. सुनील यायला तयार नव्हता, भावाला मारलं म्हणून राग होता. पण रिक्षाच्या हँडलला दोन्ही हात लागतात, ते त्यालापण कळत होतं.

ती खोली म्हणजे मारामारीची जागा वाटायची बाहेरून. छताच्या लोखंडी बारला चाक लावलेलं, त्यातून दोरी, दोरीला दोन्हीकडे मुठी. चांगल्या हाताने ओढायचं की वाईट हात वर जातो. भिंतीवर कोळशाने रेघा, बोटं खेकड्यासारखी चालवत वर न्यायची. आणि आतून सारखं कोणीतरी बोंबलत असायचं. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या काकूचा गुडघा वाकवताना काकूने त्याच्या दंडाला कचकन चावा घेतला, रक्त काढलं. त्याने गुडघा सोडला नाही. म्हणाला, चाव, तुझं तोंड चांगलंय, आता पाय चांगला करू. काकू नंतर नळावर स्वतः हंडा घेऊन यायला लागली आणि सगळ्यांना सांगायची, फौजीचं मांस कडू आहे.

पेशंटबरोबर आलेल्या बाईला तो आत रडू द्यायचा नाही. दाराशी एक टोपली होती लसणाची, ती समोर ठेवायची आणि म्हणायचं सोल. कोणत्यातरी खानावळीचं काम घेतलं होतं त्याने, पण खरं कारण वेगळं. "हात रिकामे असले की माणूस तोंड उघडतो," म्हणायचा. "रडतंस कित्याक? सोल." मी कितीतरी लसूण सोलला त्याच्या दाराशी. परी सालं उडवत बसायची.

तो कधी विचारायचा नाही की दुखतंय का. विचारायचा, "कुठपर्यंत?" आणि बोट ठेवायचा. तुम्ही म्हणालात इथपर्यंत, की तो तिथून बोटभर पुढे न्यायचा. बस, तेवढंच. सुनील शिव्या द्यायचा, आईवरून द्यायचा. फौजीदादा म्हणायचा, दे, पण श्वास सोडत दे, म्हणजे खांदा ढिला पडतो.

एक दिवस मी लसूण सोलत होते आणि सोलता येईना. उजवं मनगट वळायचं नाही माझं नीट, जुनं आहे. त्याने बघितलं. सुनील आत चाकाखाली बसलेला, दोरी ओढत. फौजीदादा बाहेर येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला, म्हणाला दाखव. मी म्हटलं, पायरीवरून पडले होते, डोंगराच्या पायऱ्या, पावसात. त्याने माझं मनगट दोन बोटांत धरलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. मग हळू आवाजात म्हणाला, "पडून झालेलं वेगळं असतं गो. हे पिळून झालंय."

मी मनगट ओढून घेतलं आणि पुढची पाकळी उचलली. त्याने पुढे विचारलं नाही. आत गेला. आणि मग सुनील जो ओरडला ना, तसा तो रॉड बसला तेव्हापण ओरडला नव्हता. आज कुठपर्यंत असं विचारलं नाही फौजीदादाने. नुसता आवाज येत होता, सोड, सोड, मरतो मी. आणि खरं सांगते, मी लसूण सोलत राहिले. भराभर. मनगट दुखत होतं तरी. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की ह्या जगात कुणीतरी माझ्या बाजूने आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने सुनीलला चाकाखाली बसवलं आणि माझ्याकडे आला. डोळे असे होते जसं झोप नाही. म्हणाला, "काल मी चुकलो. काल मी इलाज नाही केला, मारलं त्याला. परत करणार नाही."

मी म्हटलं, दादा, त्याला लागायलाच पाहिजे होतं.

"ते तू म्हण. तुला हक्क आहे. मला नाही." मग असं विचारलं की माझ्या हातातली पाकळी खाली पडली. "तुला त्याचा हात बरा व्हायला हवाय काय?"

काय सांगू मी? हो म्हटलं तर रिक्षा चालू होणार, घरात तांदूळ येणार, परीचं दूध येणार, आणि तो हातपण येणार. नाही म्हटलं तर काय, माझ्या नवऱ्याला लुळा ठेव म्हणायचं? हात गळ्यात बांधला होता त्या सगळ्या दिवसांत सुनीलचा हात मला लागला नव्हता. शिव्या होत्या, ताट फेकलं डाव्या हाताने एकदा, नेम चुकला. परी त्याच्या जवळ झोपायला लागली होती. मला तर तो लग्नाआधीचा वाटायचा कधी कधी, म्हणायचा चहा दे ना गं. मी आयुष्यात पहिल्यांदा घरात पाठ करून उभी राहत होते. हे सगळं तोंडात आलं आणि मी एवढंच म्हटलं, मला माहीत नाही.

तेव्हा त्याने मला त्याच्या उस्तादाची गोष्ट सांगितली. भरती झाला तेव्हा कवायत शिकवणारा एक उस्ताद होता, त्याने ह्याला इतका मारला होता की गळ्याजवळचं हाड मोडलं. कारण काय, बूट चमकत नव्हता. बऱ्याच वर्षांनी तोच माणूस पाय गमावून ह्याच्या वॉर्डात आला. लाकडी पाय लावून त्याला चालवायचं काम ह्याला मिळालं. मी विचारलं, मग? म्हणाला, "चालवला. महिने गेले. जाताना दारापर्यंत स्वतः गेला, वळला, आणि मला आईवरून शिवी घालून गेला."

मग तुम्हाला काय वाटलं?

"शिवी घाण होती. पण चाल सरळ होती." हसला नाही. म्हणाला, "हात कोणाचा आहे ते मला बघता येत नाही गो. बघायला लागलो तर मी थेरपीवाला राहणार नाही, आपल्या गल्लीतला कोणीतरी दादा होईन. पण तू बघ. तू बघू शकतेस."

त्याच दिवशी त्याने अजून एक केलं. सुनील आत दोरीला लटकलेला, त्याच्या अगदी समोर मला उभं केलं आणि माझं मनगट पकडलं, घट्ट. म्हणाला, मागे ओढायचं नाही, सगळ्या बायका मागे ओढतात. अंगठा असतो तिकडे वळव आणि कोपर पुढे घाल, अंगठा एकटा असतो, बाकीची चार बोटं त्याला वाचवू शकत नाहीत. मी केलं, सुटलं. परत पकडलं, परत सुटलं. मग म्हणाला, आता सुटल्यावर कोपर थांबवायचं नाही, सरळ इथे, आणि स्वतःच्या नाकावर टिचकी मारून दाखवली. सुनील दोरी सोडून बघत होता. म्हणाला, तिला कशाला शिकवतोय हे?

"तुझ्या व्यायामाचा भाग आहे," फौजीदादा म्हणाला. "ओढ दोरी."

असं वाटतंय ना की आता सगळं नीट होईल. मलापण वाटलं. मंग्या मात्र ती कानाखालची विसरला नव्हता. स्टँडवर पोरं त्याला चिडवायची, गालाला हात लावून दाखवायची. एका संध्याकाळी फौजीदादा खानावळीला लसूण देऊन पायऱ्या चढत येत होता, मंग्या आणि त्याची दोन माणसं वळणावर थांबली होती हॉकी स्टिक घेऊन. नळावरच्या बायकांनी बघितलं. फौजीदादाने एकाचे दात पाडले म्हणे, दुसऱ्याला पायऱ्यांवरून खाली लोटला, पण मंग्या मागून आला. फौजीदादा पडल्यावर त्याने डोक्यात नाही मारलं, पाठीत नाही मारलं. हात पायरीवर ठेवला आणि हातावर मारलं. बोटांवर. पहिला उजवा, मग डावा. काकू ओरडत होती, अरे सोड, अरे तो हातांनीच जगतो रे. मंग्या म्हणाला, म्हणूनच.

मी धावत गेले तेव्हा तो पायरीवर बसलेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि बोटं कुठच्या कुठे वळलेली. मी घरी आले तर सुनील भात खात होता. मी सांगितलं मंग्याने काय केलं. तो घास गिळून म्हणाला, मिरची दे. मग कळलं मला की त्याला आधीच माहीत होतं.

पोलीस आले. फौजीदादाला विचारलं कोणी मारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मंग्याचं नाव घेतलं तर घरी त्याचा राग कोणावर निघेल ते त्याला कळत होतं, आणि म्हणाला, पायरीवरून पडलो. हवालदारानेपण तेच लिहिलं असणार. मला तर तिथेच मेल्यासारखं झालं.

त्याची बहीण कणकवलीला असते. ती न्यायला आली. जायच्या दिवशी दोन्ही हातांना पांढरं प्लास्टर, काकू त्याला कपाने चहा पाजत होती आणि तो तिला म्हणत होता, आता तू चावू नको, मला सोडवता येणार नाही. मी परीला घेऊन गेले. म्हटलं, दादा, बोटं बरी होतील ना? म्हणाला, "चहा धरता येईल. दुसऱ्याचा खांदा धरता येईल असं वाटत नाही." असं सांगितलं जसं आज पाणी येणार नाही. बापाचा मार खाऊन जे शिकायचं ठरवलं, त्यासाठी फौजेत गेला, बूट खाल्ले, सुरुंगातली पोरं उचलली, ते सगळं त्या दहा बोटांत होतं हो.

मग मला म्हणाला, सुनीलचं अर्धं काम राहिलंय. हात आता छातीपर्यंत येतो, ताकद नाही. अजून काही आठवडे कोणी रोज धरून वर नेला तर वर जाईल, पूर्ण. नाही नेला तर जिथे आहे तिथेच आखडेल, मग कोणाच्या बापाला वर नेता येणार नाही. हॉस्पिटलातपण नाही. "तू बसून सगळं बघितलंयस," म्हणाला. "कुठपर्यंत विचारायचं, बोटभर पुढे. तुला येतं."

मी म्हटलं, दादा, तुम्ही सांगा, करू की नको करू?

टॅक्सीत बसला. बहिणीने दार लावलं. काचेतून म्हणाला, "मी नाही सांगणार गो. माझे हात गेले, तुझेपण मी वापरू काय?"

त्याला जाऊन आता बरेच दिवस झाले. फोन नाही, येईल असं वाटतपण नाही. सुनील रोज संध्याकाळी भिंतीला टेकून बसतो, शर्ट काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, कर ना गं. गोड आवाजात म्हणतो. दोन दिवस मी नाही केलं, म्हटलं मनगट दुखतंय. तिसऱ्या दिवशी घरात पीठ नव्हतं. मी बसले, कोपराखाली एक हात घातला, मनगटाला दुसरा, आणि विचारलं, कुठपर्यंत. तो म्हणाला इथपर्यंत. मी बोटभर पुढे नेला.

रोज करते. माझ्या तळव्याखाली त्याच्या दंडात मांस भरतंय ते मला कळतं. आज मी हात सोडला, दमले म्हणून, आणि सुनील म्हणाला थांब, बघ, आणि तो हात आपला आपण वर गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, थरथरत, पंजा उघडा. सुनील हसत होता, लहान पोरासारखा, म्हणाला बघ परी, पप्पाचा हात. आणि परीने डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि ती माझ्या मागे सरकली. अजून थोडा वर जायचा राहिलाय, तो उद्यापण पुढे करणार आहे. तुम्ही सांगा मला, तुम्ही माझ्या जागी असता, तर उद्या तो हात हातात घेतला असता का?